गोष्ट नसलेला बॅले कसा बघायचा? यिर्झी किलियानच्या कार्यक्रमाला चाललोय

दिवेवाला_शिवाजीपेठ

राम राम मंडळी.

मी कोल्हापूरचा, वय त्रेसष्ट. एकतीस वर्षं नाटकांना, गॅदरिंगना, लावणीच्या कार्यक्रमांना लाइट केले. केशवराव भोसले नाट्यगृहात विंगेत डिमरपाशी, म्हणजे दिवे कमीजास्त करायच्या यंत्रापाशी, एक लाकडी स्टूल होता, तो माझाच समजायचे सगळे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह पेटलं तेव्हा मी खासबागेच्या अंगाला गर्दीत उभा होतो. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. त्याबद्दल जास्त लिहवत नाही. त्यानंतर काम कमी केलं, एवढंच सांगतो.

मुलगी जर्मनीत असते. यंदा आम्ही दोघं तिच्याकडं तीन महिने राहायला चाललोय. तिच्या गावात बॅले कंपनी आहे आणि त्या कंपनीचा एक कार्यक्रम पूर्णपणे एकाच माणसाच्या नृत्यांचा आहे. नाव यिर्झी किलियान. मध्यंतराच्या आधी एक काम, ‘बेला फिगुरा’. मध्यंतरानंतर दोन, ‘पतीत मोर’ आणि ‘झेक्स टेंझे’. पोरीनं चार तिकिटं काढून ठेवली, पाचव्या रांगेतली. मला न विचारता काढली, कारण विचारलं असतं तर मी महाग म्हणून नको म्हटलं असतं.

बॅले हा शब्द मला नवा नाही. शाळांच्या गॅदरिंगला रामायणावर ‘बॅले’ व्हायचाच. माईकवर निवेदन, पुढं पात्रं, मागं झाडाचं कटआउट. राम वनवासाला निघाला की दिव्यापुढं निळा जिलेटिन कागद, रावण आला की लाल, सीतेच्या अग्निपरीक्षेला पिवळा आणि लाल मिळून. गोष्ट पाठ असायची, म्हणून लाइट सुचायचे. या कार्यक्रमात गोष्टच नाही म्हणे. मुलगी म्हणते, बाबा, अर्थ शोधत बसू नका, नुसतं बघा. मला नुसतं बघता येत नाही. एकतीस वर्षं प्रत्येक वाक्याला हात डिमरवर ठेवून बसलोय. आता हा स्पॉट का, ही एंट्री अंधारात का, हे डोक्यात चालूच राहतं.

म्हणून जाणकारांना विचारतो. गोष्ट नसेल तर डोळा कुठं ठेवायचा? एकाच माणसाची तीन कामं सलग बघितली की तेच तेच वाटत नाही का? नाटकवाल्याची तीन नाटकं आपण एका रात्रीत बघत नाही.

आणि एक अवघड प्रश्न. मुलगी म्हणाली, पहिल्या कामात काही ठिकाणी अंगावर वरचे कपडे नसतात, बायकांच्याही. शेजारी बायको, लेक आणि नऊ वर्षांची नात. मी लावणीला लाइट केलेला माणूस आहे, कलावंताकडं वाईट नजरेनं कधी बघितलं नाही. तरी हे कसं घ्यायचं, मोकळेपणानं सांगा.

पंचगंगा_ते_हेग

काका, नमस्कार. माहेर कसबा बावडा, गेली पंधरा वर्षं नेदरलँड्समधल्या हेगमध्ये. तुमचा प्रश्न वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं, कारण किलियान म्हणजे आमच्या गावचाच माणूस.

जन्म प्रागचा, १९४७ चा. लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये शिकला, मग जॉन क्रँकोच्या श्टुटगार्टमधल्या कंपनीत नाचला, आणि १९७५ ते १९९९ हेगच्या नेदरलँड्स डान्स थिएटरचा कलासंचालक होता. त्याच्या काळात त्या कंपनीच्या तीन तुकड्या झाल्या. मुख्य तुकडी, १९७८ पासून नवख्या पोरांची दुसरी, आणि १९९१ पासून चाळिशी ओलांडलेल्या नर्तकांची तिसरी. जिथं पस्तिशीत नर्तकाला घरी पाठवतात, त्या क्षेत्रात त्यानं हे केलं. तिसरी तुकडी पुढं टिकली नाही, पण मला त्याचं हे काम त्याच्या नृत्यांइतकंच मोठं वाटतं.

आता तुमचा डोळा कुठं ठेवायचा. काका, तुम्ही डिमरवाले आहात, तुमचा डोळा आधीच योग्य जागी आहे. लाइटच बघा! किलियानच्या कामात उजेड सजावटीला नसतो. ‘विंग्ज ऑफ वॅक्स’ म्हणून त्याचं १९९७ चं काम आहे, त्यात एक झाड मुळं वर, फांद्या खाली असं उलटं टांगलेलं असतं आणि एक दिवा त्याच्याभोवती संथ फिरत राहतो. नर्तकांच्या सावल्या सारख्या सरकतात. ‘पतीत मोर’ची प्रकाशयोजना योप काबोर्ट यांची आहे, ते नाव ध्यानात ठेवा. त्यांनी किलियानबरोबर कैक कामं केली.

‘बेला फिगुरा’ला तिसऱ्या घंटेच्या हिशेबानं जाऊ नका. दार उघडलं की लगेच आत जा. प्रेक्षक खुर्च्या शोधत असतात तेव्हा पडदा उघडाच असतो आणि नर्तक स्टेजवर सराव करत असतात, कुणी पाय ताणतंय, कुणी एखादी जागा परत परत घेतंय. बाहेरचे दिवे चालूच. काम सुरू कधी झालं ते कळू नये, अशीच ती रचना आहे. नाव इटालियन आहे. ‘बेला फिगुरा’ म्हणजे सुंदर देह, आणि आत काहीही चाललेलं असो, चारचौघांत रुबाब सांभाळणं हाही अर्थ त्यात आहे. नट विंगेत कोण असतो आणि स्टेजवर कोण होतो, हा त्या कामाचा विषय आहे असं मी समजते. विंगेत एकतीस वर्षं बसलेल्या माणसाला हे मी काय सांगणार.

त्यात काळा पडदा स्वतः पात्र आहे. तो सरकतो, स्टेजचा आकार लहानमोठा करतो, एका जागी उघड्या अंगाच्या एका बाईला अक्षरशः कुशीत घेतो. पुढं स्त्रियांना आणि पुरुषांना एकसारखे लाल घेरदार घागरे, कमरेच्या वर काही नाही. तुमच्या अवघड प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. मी आईला घेऊन गेले होते. बावड्याबाहेर क्वचित गेलेली बाई. मी सगळा वेळ तिच्याकडं चोरून बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाली, “लेकरांसारखी दिसतात गं, नुकती न्हाऊन आलेली.” पुरुष आणि बाई दोघांना एकच घागरा घातल्यावर अंगाचा भेद मागं पडतो आणि पाठ, खांदे, मान दिसायला लागतात. नातीबद्दल तिच्या आईनं ठरवावं. माझी लेक आठ वर्षांची असताना बघून आली, तिला फक्त घागरे आठवतात.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, कारण तुम्ही ८ ऑगस्टचं लिहिलंत. ‘बेला फिगुरा’च्या शेवटाकडं स्टेजवर खरी ज्वाळा असते. सगळा बंदोबस्त केलेला असतो. पण अचानक दिसून तुमचा जीव दचकायला नको.

‘पतीत मोर’चं थोडं सांगते. संगीतकार मोझार्ट १७९१ मध्ये गेला. त्याच्या दोनशेव्या स्मृतिवर्षासाठी १९९१ मध्ये साल्झबर्गच्या महोत्सवात हे पहिल्यांदा झालं. सहा पुरुष, सहा स्त्रिया आणि सहा तलवारी, फेन्सिंगच्या पातळ पात्याच्या. संगीत सुरू व्हायच्या आधी त्या पात्यांचा हवेत सपसप आवाज येतो, तो कान देऊन ऐका. मग पुरुष पाठीमागून एक भलंमोठं रेशमी कापड ओढत प्रेक्षकांकडं धावत येतात, सगळं स्टेज झाकून जातं, आणि कापड परत मागं गेलं की स्त्रिया तिथं आलेल्या असतात. नावाचा शब्दशः अर्थ ‘छोटा मृत्यू’. फ्रेंचमध्ये शरीरसुखाच्या टोकाच्या क्षणाला असं म्हणतात. तलवार तिथं का आहे, हे त्यावरून तुम्हाला कळेल.

घुंगरू_राजारामपुरी

काका, मी कथक शिकवते. तुम्ही आमच्या वर्गाच्या दोन कार्यक्रमांना लाइट केले आहेत, मला ओळखाल.

वरच्या ताईंचं सगळं पटलं, एक सोडून. कामांबद्दल एवढं आधी वाचून जाऊ नका. तलवार म्हणजे अमुक, पडदा म्हणजे तमुक, असं डोक्यात घेऊन बसलं की डोळा ते शोधत राहतो आणि समोरचं निसटतं. ताईंच्या लेकीसारखं बघा, नुसते घागरेच दिसू देत.

तेच तेच वाटेल का, यावर माझं म्हणणं सांगते. एका माणसाची तीन नाटकं आपण एका रात्रीत बघत नाही, पण एका गवयाची रात्रभर मैफल ऐकतो की. तीन राग गातो, तेव्हा तेच तेच म्हणतो का आपण? आपल्या गावात हे सांगायची गरज पडू नये. गवई अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, जयपूर-अत्रौली गायकी इथं रुजली. गाण्याच्या देवल क्लबात जुनी मंडळी पडद्यामागून ऐकून सांगायची, हे त्या घराण्याचं. राग बदलला, बंदिश बदलली, तरी आवर्तनात स्वर गुंफत समेवर यायची ती चाल लपत नाही. एकाच नृत्यकाराची संध्याकाळ त्यासाठीच असते. एक काम बघून तुम्हाला ते काम कळतं. तीन बघून हात कळतो. पहिल्या कामात कोपर कसं दुमडलं, जमिनीवर कसं गेले, थांबले कुठं, हे मनात राहिलं की तिसऱ्यात ते भेटल्यावर ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं.

‘झेक्स टेंझे’ म्हणजे जर्मनमध्ये ‘सहा नाच’. १९८६ चं, मोझार्टच्याच सहा जर्मन नाचांवर बसवलेलं. पांढऱ्या पावडरीचे टोप, धांदल, लोक हसतात. हसा तुम्हीही. पण तोच माणूस पाच वर्षांनी त्याच मोझार्टवर ‘पतीत मोर’ करतो. दोन्हींत काळे, जुन्या राजेशाही थाटाचे झगे येतात. ते नीट बघा, त्यातले काही झगे चाकांवर चालतात! ते आत्ता सांगून मीच माझा नियम मोडला.

तालाबद्दल एक. मोजू नका. ‘पतीत मोर’मध्ये मोझार्टच्या पियानो कॉन्चर्टोंचे, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाच्या रचनांचे, दोन संथ भाग आहेत. त्यातला एक सहाच्या झुल्यावर चालतो, आपल्या कानाला दादऱ्याच्या जवळचा. आपण कथकवाले प्रत्येक मात्रेला पाय देतो. ते देत नाहीत. सूर लांबतो तसं अंग लांबतं, आणि सूर संपल्यावरही हात अजून जात असतो. मला सुरुवातीला तो ढिलेपणा वाटला होता. मग एकदा मुलींना तेच करायला लावलं, एका ओळीवर फक्त उजवा हात, दुसऱ्या ओळीत पोहोचायचा. एकीलाही जमलं नाही. मलाही नाही.

गंगावेशचा_गडी

मला बॅलेतलं काही कळत नाही, आधीच सांगतो. पंधरा वर्षं तालमीत घालवली, आता पोरांना शिकवतो. धागा वाचून मोबाइलवर ‘पतीत मोर’चा एक तुकडा बघितला, मग परत बघितला, मग पोरांना दाखवला.

काका, जोडी नाचते तेव्हा तुम्ही वजन बघा. गडी बाईला हातानं उचलत नाही. हातानं उचललं की दोघंही अडकतात, हे आम्ही पहिल्या महिन्यात शिकवतो. तो तिच्या वजनाखाली जातो. कलाजंग मारताना आपण समोरच्याच्या अंगाखाली शिरतो, त्याचं वजन आपल्या पाठीवर आलं की तो स्वतःच वर येतो, तसं. आणि ती नुसती उचलून घेत नाही, ती पण वजन देते. ढाकेला समोरच्यानं अंग चोरलं तर डाव बसत नाही. इथं दोघं एकमेकांना डाव बसू देतात. कुस्तीत हे कधी घडत नाही, म्हणून मला बघतच राहावं वाटलं.

दुसरं, पाय. टाच टेकवून, गुडघा मऊ ठेवून जमिनीला धरून असतात. मला वाटायचं बॅले म्हणजे बोटांवर तुरुतुरु चालणं. ही माणसं जमिनीतून जोर घेतात. माती नाही, पण मातीतल्यासारखी उभी राहतात.

एका पोरानं विचारलं, वस्ताद, ह्यात जिंकतंय कोण? मी म्हटलं परत बघ. तिसऱ्यांदा बघितल्यावर त्यानं परत विचारलं नाही.

पंचगंगा_ते_हेग

गडी दादा, टाच टेकवण्याचं बरोबर धरलंत. ‘पतीत मोर’मध्ये टोकदार कडक बूट नसतातच, मऊ चपला असतात.

घुंगरू ताई, आधी वाचू नये यावर मी अजूनही सहमत नाही. आपण शाकुंतल गोष्ट माहीत असूनच बघायला जायचो. पण तुमचं हात लांबवण्याचं वाचून मी इथं स्वयंपाकघरात करून बघितलं.

अजून एक राहिलं. अशी कामं कंपनीला पुस्तकातून बसवता येत नाहीत. मूळ नर्तकांपैकी किंवा त्याच्या साहाय्यकांपैकी कुणी तरी त्या गावी जातं, काही आठवडे राहतं आणि अंगावरून अंगावर शिकवतं. कुणाला आणि कधी करू द्यायचं, हे तोच ठरवतो. २०१४ मध्ये तर त्यानं त्याच्याच जुन्या कंपनीतून, इथून, आपली कामं काही वर्षांसाठी काढून घेतली होती. आम्ही हेगकर फार हळहळलो. तेव्हा काका, कार्यक्रमपत्रिकेत ‘बसवणारे’ म्हणून नावं असतील ती जरूर वाचा. बावड्यात लेझीम शिकवणारे होते तशीच ती माणसं.

दिवेवाला_शिवाजीपेठ

मंडळी, बघून आलो. परवा. उशीर झाला लिहायला, कारण दोन रात्री झोपताना तेच डोळ्यांपुढं येत होतं.

लवकर जाऊन बसलो. सराव चालू होता, लोक कोट काढत होते. मी आधी वर बघितलं, सवयच आहे. आमच्याकडं नृत्याला समोरून झगझगीत मारतो, चेहरा दिसला पाहिजे म्हणून. पालकांची तक्रार येते, आमच्या पोरीचं तोंड दिसलं नाही. इथं समोरून जवळजवळ काही नाही. सगळा उजेड विंगांमधून, आडवा. बाजूला उभे खांब, त्यावर खालपासून वरपर्यंत दिवे, सगळ्यात खालचा पोटरीच्या उंचीला. त्यामुळं जमिनीवर उजेडाचा डाग पडत नाही आणि माणूस हवेत कापून काढल्यासारखा उठून दिसतो. एक नर्तक पाठमोरा उभा होता. त्यानं श्वास घेतला आणि पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक सावली हलली. पाचव्या रांगेतून मला त्याचा श्वास दिसला. एकतीस वर्षांत मी कुणाचा श्वास लाइटमध्ये दाखवला नाही.

अवघड प्रश्नाचं काय झालं, तर बायको म्हणाली, घागऱ्याला कापड किती लागलं असेल? नात तिच्या आजीच्या मांडीवर वाकून बघत होती. मी पडद्याकडं बघत होतो. पडदा ओढणारा माणूस मला दिसत नव्हता, पण त्याचा हात मला कळत होता. इतकं संथ, इतकं अखंड ओढायचं म्हणजे काय, ते ज्यानं मखमलीचा जड पडदा ओढलाय त्यालाच कळेल.

मग ज्वाळा आल्या. हेगच्या ताई, तुम्ही सांगितलं होतं म्हणून बरं झालं. तरी माझी नजर पहिल्यांदा विंगेत गेली, वाळूच्या बादल्या कुठं ठेवल्यात ते बघायला. हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला होता. संगीत थांबलं आणि दोघं जण काहीच वाजत नसताना नाचत राहिले. आग आणि पावलांचा आवाज, बास. पूर्ण नाट्यगृहात कुणी खोकललं नाही. मी त्या रात्रीनंतर आगीकडं इतका वेळ बघितलं नव्हतं. परवा बघितलं. नंतर टाळ्या सुरू झाल्या तेव्हा लेकीनं विचारलं, बाबा, बाहेर जायचं का? म्हटलं नको, मध्यंतरानंतर अजून दोन आहेत.

घुंगरू ताई, हात कळला का विचाराल. झेक्स टेंझेमध्ये सगळे हसत होते, पावडर उडत होती, आणि मधेच एकीनं मान अशी मागं टाकली की मी बायकोला कोपर मारून म्हटलं, ही मघाशी लाल घागऱ्यात होती तीच मान. बाई वेगळी होती, मान तीच होती. शेवटी वरून साबणाचे फुगे पडले, ते बाजूच्या दिव्यांत एकेक पेटल्यासारखे दिसून विझत होते. नातीनं हात वर केले होते.

गडी, वजन बघितलं. तू म्हणतोस तसंच आहे.

घुंगरू ताई, तुमच्या वर्गाचा कार्यक्रम डिसेंबरात असतो ना? मी नोव्हेंबरात परत येतोय. समोरचे सगळे दिवे निम्म्यावर आणू आणि दोन्ही बाजूंच्या पहिल्या दोन विंगांत पोटरीच्या उंचीला एकेक पार दिवा लावून बघू. विंगेतून धावत येणाऱ्या पोरी त्यावर अडखळतील, म्हणून आधी एक दिवस फक्त त्यांची येण्याजाण्याची तालीम घ्यावी लागेल. दिव्यांचं भाडं मी बघतो. तोंड दिसलं नाही म्हणून पालक आले तर त्यांना माझ्याकडं पाठवा.